उच्च न्यायाचा अंमलदार

त्या माणसाचा मी सूड घेतला आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल की शेवटी मी विरघळले असेन. नाही विरघळले.

मी तेव्हा सेंदाईतल्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक होते. उत्तर जपानच्या थंडीत भाताची मुळं तग कशी धरतात, हा माझा विषय. त्यासाठी तीन उन्हाळे मी पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहिले होते. एकेक रोप उपटायचं, मुळं धुवायची, कापायची, जागच्या जागी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायची आणि संध्याकाळी लॅबमध्ये येऊन उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायची. लॅबचे प्रमुख साठीला आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचो. त्यांच्या हाताखाली असिस्टंट प्रोफेसर होता तो. कॅनडाचा, चाळिशीचा, उंच, मोकळं हसणारा. मी नवी होते तेव्हा वॉर्ड ऑफिसात माझ्याबरोबर येऊन त्यानंच माझे फॉर्म भरले होते. कोणत्या दिवशी कोणता कचरा बाहेर ठेवायचा याचा तक्ता माझ्या फ्रीजवर त्यानंच चिकटवून दिला होता. मला तो आवडायचा, हेही लिहिलं पाहिजे.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी मी लॅबमध्ये आले तर फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं. दार बोटभर उघडं. कडक गारठ्यात असायला हवे ते माझे सगळे ट्रे शिजवलेल्या भाजीसारखे मऊ पडलेले. दार उघडं राहिलं की कर्णकर्कश अलार्म वाजतो, पण त्याचं बटण कुणीतरी बंद केलं होतं. मी जमिनीवर बसले. रडले नाही. नळ्या एकेक करून हातात घेत होते आणि त्यांच्यावरची माझ्याच अक्षरातली तारीख वाचत होते.

फ्रीजरशेजारी दोऱ्याला बांधलेली नोंदवही असायची. कुणी किती वाजता उघडला, कधी बंद केला, सही. शेवटची सही शुक्रवारी दुपारी चारची, माझी. पण शुक्रवारी मी छत्री विसरले म्हणून साडेपाचला परत आले होते आणि तेव्हा तो जाड निळे हातमोजे घालून त्याच फ्रीजरपाशी उभा होता. "हॅव अ नाइस वीकेंड," असं म्हणालाही होता.

दुपारी सगळ्यांची मीटिंग झाली. मी सांगितलं, "माझ्यानंतर यानं फ्रीजर उघडला होता. मी पाहिलंय."

तो माझ्याकडे बघून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुझी काहीतरी गल्लत होतेय. तो गुरुवार असेल. शुक्रवारी मी फ्रीजरला हात लावलेला नाही."

सेन्सेईंनी विचारलं, "नोंदवहीत काय आहे?"

नोंदवही आणली गेली. नोंदवहीत मी होते.

तिथे अशा वेळी शिमात्सुशो लिहून द्यावं लागतं. म्हणजे झालेल्या चुकीचा लेखी जबाब आणि माफी. माझं तीन ओळींचं इंग्रजी चाललं नाही. ऑफिसातल्या बाईंनी मला जपानीत मसुदा करून दिला आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तो मी उभी राहून वाचला. "माझ्या निष्काळजीपणामुळे सर्वांना अतोनात त्रास झाला." वाचून झाल्यावर वाकायचं. किती वेळ वाकून राहायचं तेही बाईंनी शिकवलं होतं. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. मी मोजले. वाकल्यावर मला फक्त बूट दिसत होते. त्याचे तपकिरी, बारीक भोकांच्या नक्षीचे बूट पहिल्या रांगेत होते आणि तो पायाची बोटं बुटाच्या आत हलवत होता.

पुढचं सगळं ओघानंच आलं. नमुने गेल्यामुळे माझा पेपर अडला. त्याच्या नमुन्यांवर त्याचा पेपर पुढे गेला आणि त्यात माझं नाव चौथं. माझा करार दोन वर्षांनी वाढायचा होता तो एकाच वर्षानं वाढला. लॅबमधले विद्यार्थी माझ्यामागून फ्रीजरपाशी जाऊन दार दाबून बघायचे. वाईट हेतूनं नाही, काळजीनं. तेच जास्त लागायचं.

आणि मग महिन्याभरात तो माझ्या टेबलाशी आला. हातात जाडजूड फाइल, चेहऱ्यावर तेच हसू. झालं गेलं जणू गंगेला मिळालं होतं.

"तुला फ्रेंच चांगलं येतं ना?"

येत होतं. पुण्यात कॉलेजात असल्यापासून मी फ्रेंच शिकत होते, आणि पीएचडीच्या आधी तीन वर्षं पेटंटची भाषांतरं केली होती. त्यानं फाइल उघडली. त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष फ्रेंचांनी कॅनडात वसाहत केली त्या पहिल्या काळात फ्रान्सहून जहाजानं आला होता. पुढे कधीतरी घराणं इंग्रजी मुलखात सरकलं, फ्रेंच सुटलं, फक्त आडनाव उरलं. त्याच्या चुलतभावानं तिकडच्या दप्तरखान्यातून जुन्या कागदांच्या प्रती मिळवल्या होत्या, पण कुणालाच वाचता येत नव्हत्या.

"आमचा पूर्वज तिथे न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होता," तो म्हणाला. "हाय जस्टिस. माझे वडील, आजोबा नेहमी सांगायचे. ऑक्टोबरमध्ये आई इथे येतेय. तिला आणि सगळ्या लॅबला याचं भाषांतर वाचून दाखवायचं, असं माझ्या मनात आहे. करशील?"

पहिल्याच पानावर त्याच्या पूर्वजाच्या नावापुढे हुद्दा लिहिला होता. एक्झेक्यूतर द ला ओत जुस्तीस. शब्दाला शब्द ठेवला तर 'उच्च न्यायाचा अंमलदार'. ऐकायला न्यायमूर्तीच्या वरताण. पण जुनं फ्रेंच ज्यानं थोडंसं वाचलंय त्याला ठाऊक असतं की हा हुद्दा जल्लादाचा. फाशी देणारा, चाबूक ओढणारा, तापल्या लोखंडानं डाग देणारा माणूस.

मी म्हटलं, "करते की. आनंदानं."

त्या संध्याकाळपासून मी कामाला लागले. लॅबमधून सहाला निघायचं, सायकलवरून घरी, कुकर लावायचा आणि टेबलावर ती पानं पसरायची. अक्षर भयंकर होतं. पहिल्या आठवड्यात एक परिच्छेद लागेना. शेवटी बाबांना फोन केला. ते जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. जुन्या मोडी कागदांत आयुष्य गेलं.

"कारकून एक पकड," ते म्हणाले. "त्याची सही कुठे आहे ती बघ. त्याचा र कसा, स कसा, ते आधी पाठ कर. मग माणूस ओळखीचा झाला की अक्षर आपोआप लागतं."

तसंच झालं. पंधरा दिवसांत तो तीनशे वर्षांपूर्वीचा कारकून माझ्या ओळखीचा झाला. शाई संपत आली की तो शब्द तोडायचा. थंडीच्या महिन्यांत त्याचं अक्षर बारीक आणि वाकडं व्हायचं. बोटं गारठत असणार.

मी रोज जे लागेल ते बाबांना मराठीत सांगायचे. ते खूश व्हायचे. "अगं, हे तर आपल्या जबान्यांसारखंच! 'विचारणा केली असता सांगते की.' अगदी हेच लिहायचो आम्ही."

एका रविवारी त्यांनी मधेच विचारलं, "हे तू कुणासाठी वाचतेस?"

"एका सहकाऱ्यासाठी."

"ज्यानं तुला माफी मागायला लावली तो?"

मी "हो" म्हटलं, तेव्हा बाबा म्हणाले, "मी तुला थांबवत नाही. फक्त कागद आहे तसा वाच. एक शब्द पदरचा घालू नकोस आणि एक गाळू नकोस. त्यापलीकडे तुझं तू बघ."

कागदातला माणूस होता सैनिक. बावीस वर्षांचा. वसाहतीतल्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं आणि त्याच्या एका सोबत्यानं व्यापाऱ्याच्या कोठारातून दोन घोंगड्या आणि थोडी बंदुकीची दारू चोरली. शिक्षा, फाशी. दोघांनाही. पण वसाहतीचा आधीचा जल्लाद त्याच वर्षी तापानं गेला होता आणि ते काम पत्करायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा न्यायमंडळानं कैद्यांपुढे प्रस्ताव ठेवला. जो हे काम पत्करेल त्याला जीवदान. त्याच्या सोबत्यानं नकार दिला. यानं होकार दिला. कागदात ते एका ओळीत आहे. 'सदर कैद्यानं गुडघे टेकून हुद्दा स्वीकारला.' त्याची पहिली कामगिरी पुढच्याच ओळीत होती. सोबत्याची फाशी.

मी ती ओळ तीनदा वाचली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. सोबत्याच्या मानेवर पाय देऊन स्वतः वर राहायचं हे याच्या रक्तातच आहे, असं मी मनात म्हटलं. रक्ताबिक्तावर माझा विश्वास नाही, मी बायॉलॉजी शिकले आहे. त्या दिवसांत मात्र मी सोयीपुरता ठेवला.

पुढे त्याचं लग्न झालं. गावात त्यांना कुणी घर देईना, म्हणून तटाबाहेर राहायला लागले. बाजारात बायका त्याच्या बायकोनं हात लावलेला कोबी परत घेत नसत, उचलून फेकून देत. मग एक दिवस त्याची बायकोच पकडली गेली. तिच्या घरात चोरीची तांब्याची किटली सापडली. तिची जबानी अडीच पानं आहे आणि त्या सगळ्या फाइलीत मला सर्वांत जास्त वेळ त्या अडीच पानांना लागला.

विचारणा केली असता सांगते की, किटली तिनं एका सैनिकाकडून दोन पाव देऊन घेतली.

विचारणा केली असता सांगते की, ती चोरीची आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

विचारलं की, ठाऊक नव्हतं तर किटलीच्या बुडावरचं मालकाचं चिन्ह कानशीनं का घासलं.

जबाब दिला नाही.

इथे मी पेन खाली ठेवलं. न्यायाधीशानं आवाज चढवला नव्हता, आरोप केला नव्हता. एक प्रश्न विचारला होता, ज्याला उत्तरच नव्हतं. आणि मला एकदम आठवलं की त्याचा नमुन्यांचा डबा उन्हाळाभर माझ्याच फ्रीजरमध्ये, दुसऱ्या फळीवर असायचा. शुक्रवारी चारला मी फ्रीजर बंद केला तेव्हाही तो तिथेच होता. फ्रीजरच्या दारावर कोणत्या फळीवर कुणाचं काय याचा नकाशा चिकटवलेला होता, त्याच्याच अक्षरात. सोमवारी सगळं वितळलं. त्याचा डबा मात्र शाबूत होता आणि त्याचा पेपर त्याच डब्यावर उभा होता. मग शुक्रवारी त्यानं फ्रीजरला हात लावला नसेल तर डबा वाचला कसा?

इतके दिवस मला हे सुचलं नव्हतं. अपमान झालेल्या माणसाला अपमानच दिसत राहतो. दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघितलं. नकाशा तिथेच होता. कुणाला काढायचं सुचलं नव्हतं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि कुणाला काही बोलले नाही.

तो अधूनमधून विचारायचा, "कुठवर आलं?" मी सांगायचे, "सगळं झालं की एकदम देते. मजा जाईल नाहीतर." त्याला मी फक्त पहिलं पान दिलं. त्यात पूर्वजाचं नाव, जहाज, गाव आणि हुद्दा. 'एक्झिक्युटर ऑफ हाय जस्टिस.' शब्दाला शब्द. यात एक शब्दही माझ्या पदरचा नव्हता. तो हरखला. आईच्या स्वागतासाठी कार्ड छापून घेतलं आणि त्यावर ते सोनेरी अक्षरांत टाकलं.

ऑक्टोबरमध्ये सेंदाईत सगळेजण इमोनीला जातात. नदीकाठी दगडांची चूल मांडायची, मोठ्या पातेल्यात अळकुड्या, कांदा, डुकराचं मांस, मिसो घालून शिजवायचं आणि उन्हात बसून खायचं. आमची लॅबही जायची. सेन्सेई दर वर्षी माझ्यासाठी बिनमांसाचं छोटं पातेलं स्वतः वेगळं चढवायचे. माफीनाम्याच्या वर्षीही चढवलं. त्यांच्यावर मला नीट रागावता यायचं नाही ते यामुळे.

त्याची आई आली होती. ऐंशीला टेकलेली, ठेंगणी, हातात काठी, डोक्यावर विणलेली टोपी. तिला घडीच्या खुर्चीत बसवलं होतं. सगळ्यांच्या हातात वाडगे आल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला की आज आमच्या घराण्याची गोष्ट पहिल्यांदाच उजेडात येणार आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्ड वाटली गेली.

मी उभी राहिले आणि वाचायला लागले. इंग्रजीत, सावकाश, म्हणजे विद्यार्थ्यांनाही कळेल. जहाज, गाव, हुद्दा. मग घोंगड्या. 'चोरी' हा शब्द आला तेव्हा तो हसला. त्याला वाटलं, चोर दुसरा कुणी असणार आणि त्याचा पूर्वज न्याय करणार. फाशीच्या शिक्षेपुढे पूर्वजाचं नाव आलं तेव्हा हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. मी थांबले नाही. गुडघे टेकून हुद्दा स्वीकारला. 'या हुद्द्याचा अर्थ जल्लाद,' एवढं एक वाक्य मी खुलासा म्हणून वाचलं आणि तो खुलासा आहे असं सांगूनच वाचलं. सोबत्याची फाशी. तटाबाहेरचं घर. कोबी. मग बायकोची जबानी आणि तिची शिक्षा. बाजाराच्या दिवशी चौकात खांबाला बांधून, गळ्यात लोखंडी कडं, छातीवर पाटी, दोन तास. कडं घालायचं काम अर्थातच वसाहतीच्या जल्लादाचं. 'अंमलदारानं या कामातून सूट मिळावी अशी विनंती केली. विनंती फेटाळण्यात आली. शिक्षा त्याच दिवशी अंमलात आणली गेली.'

मी कागद खाली केले. नदीचा आवाज येत होता. पातेल्यात अळकुड्या रटरटत होत्या. विद्यार्थी आपापल्या वाडग्यात बघत होते.

आणि त्याची आई हसायला लागली.

आधी मला वाटलं ठसका लागला. पण ती हसत होती. टोपी सरकेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माफ करा," ती म्हणाली, "माफ करा हं. पन्नास वर्षं! पन्नास वर्षं त्या घरातल्या प्रत्येक जेवणात मी हे हाय जस्टिस ऐकलं. माझे वडील मासेमारीच्या बोटीवर होते. सासरे म्हणायचे, तुमच्याकडे काय, तुमच्याकडे तर आजोबांचं नावसुद्धा धड माहीत नाही. नवरा म्हणायचा. हा पण म्हणायचा." तिनं काठीनं मुलाकडे बोट दाखवलं. "आणि ते सगळे त्या बिचाऱ्या जल्लादाचे वंशज निघाले!"

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या बाईचं परत वाचा. सावकाश."

मी बायकोची जबानी परत वाचली. या वेळी ती हसली नाही.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा लालभडक. "हे तू मुद्दाम केलंस."

"हो," मी म्हटलं.

"सगळ्यांसमोर."

"माझंही सगळ्यांसमोरच झालं होतं. मला एकच विचारायचंय. फ्रीजरमधलं सगळं वितळलं तेव्हा तुझा डबा वाचला कसा?"

"कोणता डबा?" त्याच्या आईनं विचारलं.

"कामाचं आहे, आई. तुझा संबंध नाही."

"दुसऱ्या फळीवरचा," मी म्हटलं, मोबाइलवरचा फोटो काढला आणि सेन्सेईंच्या पुढे धरला.

सेन्सेईंनी हातातला डाव पातेल्यावर आडवा ठेवला. फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्याच्याकडे न बघता जपानीत विचारलं, "डबा कधी बाहेर काढला?"

"आठवत नाही."

"सोमवारच्या आधी?"

"असेल."

"शुक्रवारी?"

तो बोलला नाही.

"किती वाजता?"

त्याची आई जपानीतलं अक्षरही न समजता मुलाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला कळलं, हे मला दिसलं.

मंगळवारी सेन्सेईंनी मला खोलीत बोलावलं. त्यांनी आधी स्वतः माफी मागितली. खुर्चीतून उठून, नीट वाकून. नोंदवही बघितली, माणसं बघितली नाहीत, असं काहीसं म्हणाले. मला अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाले, त्यानं सगळं कबूल केलं आहे. तो शिमात्सुशो लिहून देईल. तुमचं मागे घेतलं जाईल. करार पूर्ववत होईल. पेपरमधल्या नावांचा क्रम बदलेल. "तो विनंती करतो आहे की जबाब माझ्याकडे लेखी द्यावा, मीटिंगमध्ये वाचायला लागू नये. आई इथे आहे. तुमची हरकत नसेल तर मी ते मान्य करीन."

विनंती केली होती. माझ्या हातात होती. अंमलदाराची ओळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली नाही, असं नाही.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं. "मी वाचला होता."

सेन्सेईंनी मान हलवली. त्यांना ते आवडलं नाही, पण रास्त वाटलं असावं.

शुक्रवारी त्यानं वाचला. त्याच्या जपानीत चुका नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक शब्द सगळ्यांना कळत होता. शुक्रवारी संध्याकाळी फ्रीजर उघडला, घाईत होतो, अलार्मचा त्रास होतो म्हणून बटण आधीच बंद केलं होतं, दार नीट लागलं नाही, नंतर घाबरलो आणि सहकाऱ्यावर ढकललं. मग वाकला. मी पहिल्या रांगेत बसले होते. जागा मुद्दाम निवडली होती. मी आकडे मोजले. तो दहाला उठला नाही, पंधराला उठला नाही. वीसच्या पुढे मी मोजणं सोडलं. त्याच्या मानेमागचा भाग लाल झाला होता आणि कॉलरवर घाम उतरला होता. मला गोड वाटलं. दुसरा शब्द नाही. तीन उन्हाळे परत आले नाहीत, पण छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं.

मीटिंग संपून बाहेर आले तर कॉरिडॉरमधल्या बाकावर त्याची आई. विमान दुसऱ्या दिवशी होतं, सगळ्यांचा निरोप घ्यायला आली होती. दाराला काच होती. आवाज ऐकू आला नसेल, पण दिसलं होतं. हातात माझ्यासाठी कागदी पिशवी होती, आत मेपलच्या साखरेच्या वड्या. पिशवी तिनं दिली. मी आभार मानले. नदीकाठी जिनं मला ती जबानी परत वाचायला लावली होती, ती आता माझ्या खांद्यापलीकडे बघत होती.

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "पण माझा एकच आहे तो."

ती काठी टेकत आत गेली. मी सायकल काढली आणि घरी न जाता नदीच्या बाजूनं उगीचच लांबवर गेले. माझं बरोबर होतं. तिनंच म्हटलं होतं. तरी तिच्यापुरतं मला दुखलं, आणि ते दुखणं मी त्याच्या खात्यावर अजिबात जमा होऊ दिलं नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "भर घातलीस?" मी म्हटलं, "एकच खुलासा. आणि खुलासा म्हणून सांगितला." ते "हं" म्हणाले. नंतर म्हणाले, "कोर्टात शिक्षा ऐकायला येतात ना, त्यांच्यात कायम कुणाची तरी आई असते. आम्ही तिकडे बघायचो नाही." एवढं बोलून त्यांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या.

तो मार्चमध्ये कॅनडाला परत गेला. शेवटचे पाच महिने आम्ही एकाच लॅबमध्ये होतो आणि एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलो की बाजूला तो व्हायचा. विद्यार्थी आता त्याच्यामागून जाऊन फ्रीजरचं दार दाबून बघायचे. मी त्यांना थांबवलं नाही. माझे नमुने मी पुढच्या दोन उन्हाळ्यांत पुन्हा गोळा केले, पेपर निघाला, आणि आता ओसाकातल्या एका विद्यापीठात माझी स्वतःची छोटी लॅब आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याचा मेल आला. आई गेली होती. शेवटच्या वर्षात तिनं ते भाषांतर उशाशी ठेवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला किटलीच्या बाईची जबानी वाचून दाखवायची, असं त्यानं लिहिलं होतं. ते सगळं एका छोट्या पुस्तकात छापावं, जल्लादासकट, अशी तिची इच्छा होती. तर माझी परवानगी मिळेल का. खाली स्वतंत्र परिच्छेदात एक ओळ होती. त्या मीटिंगमध्ये जे वाचलं ते सेन्सेईंसाठी होतं, आज माफी तुझ्याकडे मागतो, मला माफ कर.

मी दोन वेळा वाचला. मग उत्तर लिहिलं. आईबद्दल वाईट वाटल्याचं लिहिलं, ते खरं होतं. छापायला परवानगी दिली, दोन ठिकाणी भाषांतर सुधारून दिलं. खालच्या ओळीबद्दल काही लिहिलं नाही. मेल पाठवला आणि लेक्चरला गेले.